तक्रार घेऊन या, म्हणणारे पाळकसाहेब

आणि वर तुम्ही मला लिहिता, लेखात तक्रारी नकोत. चिटणीससाहेब, ज्यांच्या गौरवाचा ग्रंथ तुमची समिती काढते आहे, त्यांनीच आम्हाला तक्रार करायला शिकवलं. मग मी दुसरं काय लिहू? भाषा विनयाची ठेवा म्हणता, ठेवतो. मी चौथीतून शाळा सोडलेला, कराचीच्या गोदीत गठ्ठे उचलणारा माणूस. शुद्धलेखन खुशाल सुधारा, म्हणणं खोडू नका.

मंडळीहो, आपल्या शेगावच्या मेथडिस्ट मंडळीचे पाळक रेव्हरंड यशवंतराव खंडारे साठ वर्षांचे झाले. त्यांची माझी पहिली गाठ पडली तेव्हा मी शेगावातच कापसाच्या जिनात कामाला होतो. सोमवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर वर्ग भरे. खेड्यांतले उपदेशक, जिनातले दोघेतिघे, भाजी विकणाऱ्या बाया, सगळे एकाच सतरंजीवर. मी गंमत बघायला गेलो होतो. पाळकसाहेबांनी विचारलं, "तू काय तक्रार आणली?"

"काही नाही. आयकाले आलो."

"नुसतं आयकाले जागा नाही इथं. मागच्या धड्यात जे पटलं नाही ते घेऊन ये, मंग बस."

हा त्यांचा नियम होता. ईश्वरविज्ञानाचे जाड इंग्रजी ग्रंथ त्यांनी वाचले होते, पण वर्ग चालू असताना ते कपाटात बंद. त्याआधी आमचे उपदेशक 'पूर्वगामी कृपा' असले शब्द पाठ करत, रविवारी म्हणून दाखवत, आणि लोक पेंगत. त्यात उपदेशकांचा दोष नव्हता. त्यांना कोणी समजावून सांगितलंच नव्हतं.

पुढच्या सोमवारी मी रागानंच गेलो. म्हटलं, "माणसानं हाक मारायच्या आधीच देव कृपा करते म्हणता. मंग माह्या बापाची दारू काऊन सुटत नाही?"

पाळकसाहेब रागावले नाहीत. म्हणाले, "पिल्यावर तुहा बाप रडते का?"

"रडते. मायसमोर."

"ती लाज त्यानं बाजारातून आणली का बे? देवानं ती आधीच त्याच्या पोटात घातली. हीच पूर्वगामी कृपा. पुढचं पाऊल त्याचं त्यानं टाकायचं. देव फरफटत नेत नाही."

मला राग आला, कारण पटलं. बाप अजून पितात, हेही लिहितो, नाहीतर ही गोष्ट खोटी होईल. पण त्या दिवसापासून दर रविवारी उपासना आटोपली की पाळकसाहेब आमच्या दारात येऊन बसत. उपदेश नाही, प्रार्थनेची जबरदस्ती नाही. दोघं पावसापाण्याचं, ढोरांचं बोलत. त्या वेळेपुरते तरी बाप शुद्धीवर राहत. शेगावात दुसरं कोणी त्यांच्याशेजारी बसत नव्हतं. गौरवाचं लिहायचं तर हे लिहा.

संग्रामपूरकडचे लक्ष्मणराव उपदेशक वयानं मोठे, तोंडानं तिखट. ख्रिस्ती पूर्णतेचा धडा चालला होता. त्यांनी विचारलं, "पूर्ण झालेला माणूस बायकोवर खेकसते का, साहेब?"

पाळकसाहेब तोंड उघडतात तोच आतून त्यांच्या पत्नी मार्थाबाईंचा आवाज आला, "त्यायले इचारा, काल वरण खारट झालं तवा कोणती पूर्णता होती."

ओसरी हसून लोळली. पाळकसाहेब उठले, आत गेले, बाईंची माफी मागितली. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. बाहेर येऊन म्हणाले, "पूर्णता म्हणजे माणूस चुकत नाही असं नाही. प्रेमात खोट ठेवत नाही, एवढंच. मी अजून रस्त्यात आहो. लिहून घ्या."

आता माझी तक्रार ऐका. हे उपदेशक रविवारची उपासना आटोपून पायी निघतात, रात्री वाटेत कुठं तरी पडतात आणि सोमवारी दुपारी ओसरीवर पोचतात. त्यांच्या भाकरीची ज्वारी मंडळीच्या पैशातून येत होती. लक्ष्मणरावांनी मला कळवलं की गौरवग्रंथाचा खर्च भागवायला तुम्ही ती बंद केली. ज्यांचा गौरव, त्यांचाच वर्ग उपाशी. आता मार्थाबाई घरच्या कणगीतून भाकरी घालतात आणि कणगीचा तळ दिसू लागला आहे. कुणी विषय काढला की पाळकसाहेब म्हणतात, "चालते." चालत नाही. येत्या पंधरवड्यात वर्ग मोडेल. मग खेड्यांतले उपदेशक पुन्हा पाठ केलेले शब्द म्हणतील आणि लोक पुन्हा पेंगतील. तुमच्या ग्रंथातले रेशमी शब्द त्यांना कोण समजावणार आहे?

पाळकसाहेबांना देव भरपूर आयुष्य देवो. त्यांचे गुडघे, डोळे, दात शाबूत राहोत, मार्थाबाईंचा आवाज असाच खणखणीत राहो, आणि ओसरी कुठल्याच सोमवारी रिकामी न दिसो. हे मी मनापासून लिहितो, रागात असलो तरी.

समितीनं ग्रंथाच्या निधीसाठी माझा वाटा मागितला आहे. तो मी देत नाही. आजच मार्थाबाईंच्या नावानं मनीऑर्डर केली आहे, ज्वारी आणि तुरीच्या डाळीसाठी, चौदा रुपये.