आबांनी प्रज्ञाला माघारी पाठवलं

रविवारी माझ्या माहेरी एक जंगी मिरवणूक निघाली... आणि चावडीपाशी येऊन अडकली!

माझी भाची प्रज्ञा लष्करात भरती झालीये. ट्रेनिंग संपवून पहिल्यांदाच सुट्टीवर आली आणि लोणावळ्याला उतरून आधी माझ्याकडे, कारण युनिफॉर्मला इस्त्री करायची होती. त्या इस्त्रीपायी माझी वांग्याची भाजी गार झाली. पोरीने घासभर खाल्लं असेल तर शपथ!

तिला एकच धास्ती. "आत्या, आबा येत्याल ना गं?"

हे आबा कोण, ते सांगते. आमचं गाव टाकव्याच्या पुढे. चावडीसमोर चिंचेखाली एक दगड आहे. पहिल्या महायुद्धाला या गावातून इतके जण गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, असं त्यावर इंग्रजीत कोरलंय. विलायतेत असे दगड म्हणे चर्चच्या आवारात असतात. आमच्या दगडावर नाव मात्र एकाचंही नाही... त्यामुळे तो आपल्याच पणज्याचा आहे, असं आमच्या बुद्धविहारापाशीही सांगतात आणि वरच्या आळीतही.

गावचा रिवाज असा, की फौजेत गेलेला मुलगा वर्दीत पहिल्यांदा आला की आधी घरी जायचं नाही. दगडाला सॅल्यूट करायचा, मग गावातल्या सगळ्यात जुन्या फौजीने त्याला नखशिखांत तपासायचं. त्याने "जा" म्हटलं की मगच घर. सध्या हा मान आबांचा. रिटायर्ड सुभेदार, मिशी आणि स्वभाव दोन्ही कडक.

आणि याच आबांनी, प्रज्ञा पहाटे रस्त्यावर पळायची तेव्हा, चारचौघांत म्हटलं होतं, "ह्ये पोरींचं काम न्हाई." गावातून मुलगी फौजेत जायची ही पहिलीच वेळ. आबा आलेच नाहीत तर तिला तपासणार कोण?

गावाच्या वेशीपासून हलगी सुरू झाली. प्रज्ञा पुढे, आम्ही मागे. वळणावर चिंच दिसली... आणि खाली खुर्चीत आबा! कोट घातलेला, त्यावर सगळी मेडल्स. माझा जीव भांड्यात पडला.

प्रज्ञाने दगडाला असा सॅल्यूट ठोकला की हलगीवाला वाजवायचा थांबला. आबा उठले. तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारली. टोपी पाहिली, बिल्ला पाहिला, बूट पाहिले... आणि काठीचं टोक टाचेकडे रोखलं.

"माती. पीछे मुड! वेशीपास्नं पुन्ना ये."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. प्रज्ञाची आई, म्हणजे माझी वहिनी, भाकरतुकडा घेऊन चावडीजवळच्याच आमच्या घराच्या दारात उभी होती, ती तिथूनच ओरडली, "आबा, पोरगी उपाशी हाय वं!" मग मीही पुढे झाले. म्हटलं, आबा, मातीच्या रस्त्याने चालत आलीये, मुलगी आहे, तिला तरी सोडा! आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की व्हिडिओ काढणारा माझा हात आपोआप खाली आला.

प्रज्ञा माझ्या शेजारून परत निघाली. मला वाटलं रडत असेल... तर ही बया गालातल्या गालात हसतेय! "आत्या, गप की," पुटपुटली, "पयल्या फेरीत त्येंनी आजून एकालाबी सोडलं न्हाई."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. "मुलगी आहे, जाऊ दे" म्हणून आबांनी सोडलं असतं, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या... आणि ती मनातून पार खट्टू झाली असती.

वेशीवर तिने रुमालाने टाचा पुसल्या, हे तिनेच नंतर सांगितलं, आणि कडेच्या गवतावरून पाय टाकत आली. आबांनी पुन्हा तेवढाच वेळ लावला, जराही घाई नाही. मग काठी काखेत धरली, ताठ उभे राहिले आणि तिचा सॅल्यूट घेतला.

"जा. आय वाट बघतीया."

त्यानंतर हलगीवर जो दंगा झाला, त्यात या वयात मीही नाचले. डोळ्यांत पाणी होतं ते लपवायला बरं पडलं. घरी पोहोचल्यावर प्रज्ञाने भाकऱ्यांचा असा फडशा पाडला की वहिनीला पुन्हा तवा ठेवावा लागला.

आबा, तुम्ही फेसबुक बघत नाही, तरी लिहिते. आमच्या पोरीला माघारी पाठवलंत, फार फार आभार!