उन्हात मुरलेली ब्रँडी

यशवंतपूरच्या कारखान्यात नकाशे काढणारा त्रिविक्रम हा फार वरच्या पायरीचा माणूस होता, असं त्याचं स्वतःचं मत होतं. दुसऱ्या कुणाचं तसं मत असल्याचं कृष्णाबाईच्या कानावर कधी आलं नाही. ती त्याची थोरली बहीण. अठराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून तिनं याला वाढवला, शिकवला, आणि नोकरी लागल्यावर त्याच्याबरोबर निपाणीहून बेंगळूरला आली. मल्लेश्वरमच्या तीन खोल्यांत स्वयंपाक, सोवळं, परसातली तुळस, सगळं तिच्याकडे. त्रिविक्रमाकडे काय? तर टाय. रविवारीसुद्धा टाय बांधून खुर्चीत बसायचा, मेला.

अठ्ठावन्न सालच्या संक्रांतीनंतर त्याच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. मुख्य नकाशेकाराची जागा पाडव्याच्या सुमाराला भरायची होती, आणि ती द्यायची की नाही ते जयतीर्थराव साहेबांच्या हातात. साहेब विलायतेला राहून आलेले, पिण्यातले दर्दी, असा कारखान्यात बोलबाला. मग आमच्या शहाण्यानं काय करावं? व्हाइटफील्डच्या एका म्हाताऱ्या मडमेकडून संत्र्याची ब्रँडी घरी करायची कृती कागदावर उतरवून आणली, दोन बाटल्या ब्रँडी आणली, आणि कूर्गच्या संत्र्यांची टोपली बहिणीपुढे ठेवून म्हणाला, "आक्का, एवढं करून दे."

"शी! माझ्या हातानं?"

"मला ऑफिस असतं."

त्याची बायको नयना पुण्याची. तिनं नाकाला पदर लावला आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. त्रिविक्रमानं कागद वाचून दाखवला तोही साहेबी थाटात, पहिल्या तीन ओळी: संत्री सोलून घ्या, साखर घाला, ब्रँडी ओतून चाळीस दिवस मुरू द्या. खाली अजून काहीबाही लिहिलं होतं, पण तेवढ्यात बसची वेळ झाली आणि कागद खिशात गेला तो गेलाच.

मुरवायचं म्हणजे काय, हे कृष्णाबाईला कुणी शिकवायला नको होतं. साखरांबा मुरवतात तसंच. तिनं नाक दाबून निपाणीची मोठी चिनी मातीची बरणी भरली, तोंडाला पातळ दादरा बांधला आणि बरणी गच्चीवर उन्हात ठेवली. सकाळी वर न्यायची, सूर्य कलला की खाली आणायची. फेब्रुवारी-मार्चचं बेंगळूरचं ऊन, कडक आणि कोरडं. पहिले आठ दिवस बरणीजवळ गेलं तरी डोकं भणभणायचं. मग वास कमी झाला. तिसाव्या दिवशी नुसता संत्र्याचा घमघमाट. आणि पस्तिसाव्या दिवशी बरणीला मुंग्या लागल्या.

कृष्णाबाई कमरेवर हात ठेवून त्या रांगेकडे बघत राहिली. इतके दिवस एक मुंगी फिरकली नव्हती. आता बघा, वाजतगाजत चालल्यात! दारू उन्हानं कधीच उडून गेली होती, बरणीत राहिला होता चांगला दाट साखरांब्याचा पाक. सांगावं का त्याला? ती सांगणारही होती. पण त्याच दुपारी नयनाचं बोलणं तिच्या कानी पडलं: मोठी जागा मिळाली की मोठे लोक घरी येणार, मग आक्कांना निपाणीला पोचवायचं. निपाणीला म्हणजे दिराच्या घरी, तंबाखूच्या वखारीमागच्या खोलीत. नवरा गेल्यावर, माहेरी परत येण्याआधी, तिथं तिनं वर्षभर काढलं होतं आणि दिराच्या लाथाही खाल्ल्या होत्या. त्रिविक्रम त्यावर काही बोलला नाही. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तेवढ्या गप्प राहण्यावर तिनं आशा धरली, आणि मुंग्या झटकून तीही गप्प बसली.

पाडव्याच्या आदल्या रविवारी साहेब आणि कारखान्यातले तिघंजण संध्याकाळी आले. त्रिविक्रमानं पेले भरले. पहिलाच घोट घेऊन एकजण "आहाहा, काय कडक!" म्हणाला. दुसऱ्यानं डोळे मिटले. तिसऱ्याला लगेच घाम फुटला. स्वयंपाकघराच्या दाराआडून कृष्णाबाई हे सोंग बघत होती. टोणगे शिकलेसवरलेले, आणि साखरेच्या पाण्यावर झिंगतायत!

जयतीर्थरावांनी मात्र पेला ओठाला लावला नव्हता. हात धुवायचं निमित्त करून ते परसात आले, इकडेतिकडे बघितलं आणि पेला तुळशीच्या बुडात रिकामा करायला वाकले.

"अहो, तिथं नको!" कृष्णाबाई कन्नडमध्ये ओरडली. "प्या निवांत. काही नाही त्यात."

साहेबांनी घाबरत जीभ लावली. मग अख्खा पेला संपवला. "अक्का, हा तर साखरांबा!" त्यांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. "आयुष्यात थेंब घेतला नाही मी. वीस वर्षं झाडांच्या कुंड्यांत ओततोय. कुणाला बोलू नका."

"सरी," म्हणजे बरं, ती म्हणाली.

आत जाऊन साहेबांनी चार पेले मागून घेतले आणि छान डुलले. साहेब डुलतायत म्हटल्यावर बाकीचे भिंतीला टेकले. सगळ्यांत जास्त चढली ती आमच्या त्रिविक्रमाला. टाय डोक्याला बांधून नाचला! साहेबांनी त्याला जागा देऊन टाकली आणि वर म्हणाले, "तुमच्या अक्कांच्या हाताला चव आहे. जपा त्यांना."

"आक्का?" त्रिविक्रम खदाखदा हसला. "ते गळ्यातलं लोढणं साहेब! चार माणसांत आणायची सोय नाही. पाडवा झाला की बेळगावच्या गाडीत बसवतो. दिराकडं मार खाल्ला तर खाईना का, माझी तरी सुटका होईल."

जयतीर्थराव खाली बघत बसले. पेल्यात काय होतं ते त्यांना माहीत होतं. दाराआड उभ्या असलेल्या बाईलाही माहीत होतं. तिला एवढं दुःख नवरा गेला तेव्हाही झालं नव्हतं.

सकाळी त्रिविक्रम कपाळ धरून स्वयंपाकघरात आला. डोकं दुखतंय म्हणे!

"आक्का, काल जरा जास्तच झाली. काही वेडंवाकडं बोललो असेन तर मनावर घेऊ नको. मी नव्हे, दारू बोलली ती."

कृष्णाबाईनं बरणी उचलून त्याच्यापुढे ठेवली. काठापासून तळापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. तिनं तळाशी राहिलेला पाक बोटावर घेतला आणि त्याच्यादेखत स्वतःच्या तोंडात घातला. सोवळ्यातली ती बाई, जिला कांद्याचा विटाळ चालत नव्हता.

त्रिविक्रमानं वाकून बरणी हुंगली. हळूहळू त्याला कळलं.

"उन्हात ठेवलीस?"

"चाळीस दिवस. दादरा बांधून."

"म्हणजे... काल मी..."

"पुरता शुद्धीवर होतास," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. पण लाज तरी वाटावी की नाही? पहिला प्रश्न काय, तर "साहेबांना कळलं नाही ना?" तिनं साहेबांचं नाव काढलं नाही. नुसतं एवढंच म्हणाली, "मी निपाणीला गेले तर पुढच्या वर्षी त्यांना काय पाजशील?"

निपाणीचा विषय तिथंच संपला. कृष्णाबाई त्या घरात अजून नऊ वर्षं राहिली, मायेनं ठेवलेली नव्हे, साहेबांना कळेल या भीतीनं ठेवलेली. दर वर्षी तो दोन बाटल्या आणून द्यायचा आणि ती त्या गच्चीवर उन्हात उडवून टाकायची. त्याचं ताट ती रोज वेळेवर वाढायची. फक्त, लहानपणापासून विचारत आली होती तसं "अजून वाढू का रे?" म्हणून तिनं त्याला परत कधी विचारलं नाही.