अक्का आणि न उठणारा कर्नल

अक्का माणसांशी मराठीत बोलायच्या आणि यंत्रांशी तेलुगूत. यंत्रांशी अंमळ जास्तच प्रेमानं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीत चादरीच्या मागांवर नक्षी उठवणारे कंट्रोलर बनायचे. त्यांचे बोर्ड मी करायचो आणि सगळं सॉफ्टवेअर अक्का लिहायच्या. विणकराच्या घरात जन्मलेली, पन्नाशी ओलांडलेली ही बाई चपला टेबलाखाली सोडून खुर्चीत मांडी घालून बसायची आणि समोरच्या बोर्डाला म्हणायची, "माट्लाडु रा, माट्लाडु." म्हणजे बोल रे बाबा, बोल.

तो बोलत नव्हता, कारण आतल्या सॉफ्टवेअरचं घर बदललं होतं. आमचा जुना प्रोसेसर बनायचाच बंद झाला. साहेबांनी नवा निवडला. पण ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, त्या प्रोसेसरवर अजून कुणीच चालवला नव्हता. ते काम अक्कांकडे आलं. "बिऱ्हाड हलवलंय त्याचं," त्या म्हणाल्या. "नळ कुठं, दिव्याचं बटण कुठं, एकेक दाखवायला लागणार."

पाच आठवडे पडदा कोराच होता. या काळात आमची रोज जुंपायची. मी म्हणायचो, "बोर्डात काही दोष नाही." अक्का शांतपणे म्हणायच्या, "कर्नलमध्येही नाही. म्हणजे सगळं उत्तम आहे. फक्त चालत नाही."

आमचे वॉचमन होटगीचे, फौजेतून निवृत्त झालेले. 'कर्नल आजही उठला नाही' हे रोज त्यांच्या कानावर पडायचं. एके सकाळी त्यांनी अक्कांना बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "आक्का, कर्नलसाब कुठल्या दवाखान्यात हायत? आमच्या पलटणीचं तर न्हवं?"

अक्का हसल्या नाहीत. "इथंच आहेत. अजून शुद्धीवर नाहीत," म्हणाल्या. मग वॉचमन रोज तब्येत विचारू लागले आणि अक्का रोज खरं ते सांगू लागल्या.

शेवटी एका दुपारी पडद्यावर अक्षरं उमटली. अक्षरं कसली, प्रश्नचिन्हं आणि ठिपके. "बोलतंय!" अक्का ओरडल्या. "काय बोलतंय ते नंतर बघू." बोर्डाचं बोलणं वाचणाऱ्या कॉम्प्युटरचा वेग त्यांनी कमीजास्त करून पाहिला. तो निम्मा केल्यावर अक्षरं सरळ झाली. निम्माच का, हे विचारायचं आनंदात राहून गेलं. त्या थेट गेटवर गेल्या आणि वॉचमनना घेऊन आल्या. तळहाताएवढा तो बोर्ड पाहून वॉचमन क्षणभर गोंधळले. मग टाचा जुळवून त्यांनी सॅल्यूट ठोकला.

पुढच्या आठवड्यात कुंभारीचे एक कारखानदार शेठ यंत्र बघायला आले. ही ऑर्डर हुकली तर गेटला कुलूप लागेल, असं साहेब आम्हाला तीनदा सांगून चुकले होते. माग सुरू झाला. त्याचा वेग पडद्यावर दिसू लागला, तो जुन्या यंत्राच्या बरोब्बर दुप्पट!

"अगागा! लई पळतंय की वो हे!" शेठ म्हणाले. साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

अक्कांनी पडद्याकडे पाहिलं, मागाकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "शेठ," त्या म्हणाल्या, "माग तेवढाच पळतोय. आमच्या यंत्रातलं घड्याळ निम्म्यानं चालतंय."

साहेबांचं पेन हातातच राहिलं. अक्कांनी भिंग घेऊन बोर्डावरचा चकचकीत क्रिस्टल वाचला. यंत्राचं घड्याळ त्याच्यावर चालतं. माझ्या बोर्डाच्या नकाशात आकडा चोवीस होता. बोर्डावर मी डाग देऊन बसवला होता तो बाराचा, म्हणजे निम्म्या वेगाचा. अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली वाकून मागाची वायर तपासू लागलो.

"चूक माझी," त्या शेठना म्हणाल्या. "अक्षरं वाकडी आली तेव्हाच मी विचारायला हवं होतं. आठ दिवस द्या."

शेठ अक्कांकडे वळले. "इतकी मशीनवाली बघितली," ते म्हणाले, "आमचं कमी पळतंय म्हणून सांगणारं कोण भेटलं न्हाय. आठ दिवसांनी येतो, व्हय."

ते आले आणि ऑर्डरही देऊन गेले. क्रिस्टल मी त्याच संध्याकाळी बदलला होता. अक्का त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. आमची भांडणं तेवढी पूर्ववत सुरू झाली.

तीन वर्षांनी अक्का निवृत्त होऊन मुलीकडे हैदराबादला निघाल्या. निरोपाला शेठनी आपल्या कारखान्यातली चादर आणली होती. अक्कांनी सगळ्यांदेखत ती उलटी करून मागची वीण तपासली आणि "सूत हलकं वापरलंय" असं शेठनाच सुनावलं. भाषणात साहेबांनी घड्याळाचा किस्सा रंगवून सांगितला. "अक्कांची उभ्या नोकरीतली एकुलती एक चूक!" सगळे खो-खो हसले. अक्काही पोट धरून हसल्या. मी समोशाकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी दिसली आणि मला राहवेना. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "साहेब, तो क्रिस्टल मी चुकीचा लावला होता."

"माहीत आहे," साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले. "अक्कांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. तुला काही बोलायचं नाही, आपणहून येऊन सांगेल, अशी ताकीद दिली होती मला."

मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"आठवडाभरात येईल म्हणाल्या होत्या."