काकूचं लिंबू आणि झाशीतलं वाण

झाशीला जाऊन आले म्हटलं की लोक पहिल्यांदा किल्ल्याचं विचारतात. मी गेले होते एका लिंबाच्या झाडासाठी. हे ऐकून नागपुरातल्या माझ्या भिशीतल्या मैत्रिणींनी जसं पाहिलं, तसंच आता तुम्हीही पाहत असाल.

तिथे सिविल लाइन्समध्ये माझी काकू राहायची. काका सैन्यात होते. झाशीजवळची बबीना छावणी ही त्यांची शेवटची पोस्टिंग, आणि मग दोघं झाशीतच रमली. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. या संक्रांतीनंतर काकू मुलाकडे बंगळुरूला कायमची जाणार होती. जाण्याआधी ओळखीच्या, छावणीतल्या बायकांना काकांनी लावलेल्या कागदी लिंबाचं एकेक रोप वाण म्हणून द्यायचं, हा तिचा बेत. पावसाळ्यातच तिने फांद्यांची साल सोलून, ओलं शेवाळ गुंडाळून गुट्या बांधल्या होत्या. मुळं फुटल्यावर त्या कापून कुंड्यांत लावल्या आणि कौतुकाने मला फोटो पाठवला.

तो फोटो माझ्या लेकीने पाहिला आणि पंचाईत झाली. इरा झाडांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुंड्या राहिल्या बाजूला, तिने मागच्या झाडाचं एक पान मोठं करून पाहिलं. शिरेच्या एका बाजूला पिवळे डाग होते आणि दुसऱ्या बाजूला वेगळेच, म्हणजे लिंबाच्या एका वाईट रोगाची खूण. "आई, काकूआजीला सांग, एकही रोप घराबाहेर जाऊ देऊ नकोस." आम्ही संक्रांतीच्या आधीच गाडीत बसलो.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. जानेवारीत धुक्यामुळे गाड्या हमखास रखडतात, तेव्हा डबा भरपूर घ्या. आणि स्वेटर नागपूरच्या थंडीच्या हिशेबाने घेऊ नका, मी तीच चूक केली. स्टेशनबाहेर ऑटोचं भाडं आधी ठरवा. आमच्या ऑटोवाल्याने इराच्या मांडीवरच्या पेटीत मिठाई आहे का, असं विचारलं. झाडाची टेस्ट करायचं मशीन आहे, असं तिने सांगितल्यावर त्याला नाकातून घेतलेली कोरोनाची टेस्ट आठवली आणि तो म्हणाला, "दीदी, पेड़ की नाक कहाँ होती है?" सिविल लाइन्स येईपर्यंत आम्ही हसत होतो.

काकू मात्र फुरंगटून बसली होती. झाडाला जस्त कमी पडलंय, माळी भैया औषध मारतो, ही कालची पोर काय सांगणार, असं तिने मला स्वयंपाकघरात ऐकवलं. इराने मान खाली घालून गरम कचोरी खाल्ली आणि मग जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. प्रत्येक कुंडीतलं एक पान, झाडाची चार पानं. पानाची मधली शीर कुस्करायची, तिचा रस औषधात घालायचा आणि त्यातला थेंब नळीत. रोगाच्या जिवाणूचा जनुकीय अंश त्यात कणभर जरी असला, तरी नळीत त्याच्या हजारो प्रती होतात आणि गुलाबी पाणी पिवळं पडतं. पान वरून हिरवंगार असलं तरी खोटं बोलू शकत नाही. मशीन गरम होत असताना काकू विणकाम घेऊन समोरच बसली, पण एकही टाका पुढे गेला नाही.

झाडाच्या नळ्या पिवळ्या झाल्या. कुंड्यांमधल्याही बहुतेक झाल्या, आणि त्यातली रोपं तर दिसायला सगळ्यांत टवटवीत होती. मला फार वाईट वाटलं. इराने समजावलं की या रोगावर उपाय नाही. एक बारीक किडा तो झाडाझाडांवर नेतो, आणि गुटीतून तर तो आपण स्वतःच नेतो. सैन्यातल्या माणसाची बायको बदलीच्या गावी निघाली की ट्रंकेआधी कुंडी उचलते. म्हणजे हे लिंबू छावणीतून जम्मूला गेलं असतं आणि जोधपूरलाही.

"म्हणजे मी वाणात आजार वाटणार होते," काकू म्हणाली.

ती उठून बागेत गेली आणि झाडाला हात लावून उभी राहिली. परत आली ती प्रश्न घेऊनच. "आणि बियांत? बियांत असतं का ते?"

आजवरच्या माहितीप्रमाणे बियांतून तो रोग जात नाही, इरा म्हणाली. शिवाय कागदी लिंबाच्या बीचं रोप बहुतेक आईसारखंच निघतं. झालं, दुपारभर आम्ही लिंबं पिळत बसलो. रसाचं सरबत, सालींचं लोणचं, बिया धुऊन ओल्या फडक्यात. कुंड्या आणि झाड, दोन्हींवर आधी कीटकनाशक फवारलं, म्हणजे किडा शेजारी उडून जायला नको. मग माळी भैयाने रोपं उपटली आणि झाडाला करवत लावली. काकू आत लोणच्याला फोडणी देत होती. जवळच्या ओरछ्याला महाल पाहायला जायचं राहूनच गेलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळाबरोबर बियांची पुडी दिली. छावणीतली एक नवी नवरी पुडी उघडून हिरमुसली. फळ यायला किती वर्षं, असं तिने विचारलं. पाच-सहा तरी, काकू म्हणाली.

"काकूजी, तब तक तो हमारी दो पोस्टिंग हो जाएँगी."

"मग उचलू नको, तिथेच लावून जा. त्या क्वार्टरमध्ये पुढे येईल ती लोणचं घालेल."

नागपुरात येऊन आता कितीतरी महिने झाले. लोणच्याची बरणी संपत आली आहे. झाडाचा रोग माणसाला लागत नाही, हे मी इराकडून दोनदा वदवून घेतलं. किल्ल्याचे माझ्याकडे दोनच फोटो आहेत, तेही धुक्यातले.

गेल्या आठवड्यात काकूने बंगळुरूहून एक फोटो पुढे पाठवला. छावणीतल्या क्वार्टरच्या अंगणात वीतभर रोप, मागे बांधून ठेवलेल्या ट्रंका. खाली त्या नव्या नवरीने लिहिलं होतं, 'काकूजी, बदली आ गई। नींबू यहीं छोड़ रहे हैं।' त्याखाली काकूचा प्रश्न, 'पान बरं आहे ना, इराला विचार.'

इराने पान मोठं करून बराच वेळ पाहिलं. दिसायला चांगलं आहे, पण खरं टेस्टच सांगेल, म्हणाली. काकू आता झाशीत नाही. तरी मी झाशीची जानेवारीची दोन तिकिटं पाहून ठेवली आहेत.