खत्तच्या गरम झऱ्यांवर आई

बाबा गेल्यावर मी आईला गुहागरहून शारजाला आणलं, त्याला आठ महिने झाले होते. एवढ्या दिवसांत ती एकटी लिफ्टनं खालीसुद्धा उतरली नव्हती. सांगायला गुडघे होते, पण खरं म्हणजे तिचा धीरच सुटला होता. बायको ऑफिसच्या कामासाठी अबुधाबीला गेली होती. शनिवारी सकाळी मी आईला गाडीत बसवलं आणि रास अल खैमाजवळच्या खत्त गावाची वाट धरली. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत.

उम्म अल कुवैन मागे पडलं की वाळू तांबूस होत जाते, आणि मग समोर हजर पर्वताची रांग उभी राहते. झाड नाही, गवत नाही. उघडा तपकिरी खडक, थरावर थर. हीच रांग पुढे उत्तरेला मुसंदम द्वीपकल्प होऊन थेट समुद्रात उतरते. एकीकडे डोंगर, दुसरीकडे समुद्र, मधल्या पट्ट्यात खजुराच्या बागा.

"कोकणच की रे हे," आई म्हणाली. "हिरवा रंग तेवढा द्यायचा राहिलाय."

मी कौतुकानं डोंगर बघत राहिलो आणि चुकीचं वळण घेऊन वादीत (कोरड्या नदीपात्रात) शिरलो. गोट्यांमध्ये चाक नुसतंच फिरायला लागलं. मागून आलेला पिकअपवाला पठाण हसतच उतरला. "यल्ला भाईसाब, रिव्हर्स मारो, मैं धक्का देता हूँ." गाडी निघाल्यावर त्यानंच चहाची टपरी दाखवली. तिथे कडक चहाबरोबर अंडं आणि चीज घातलेला रगाग (पापडासारखी पातळ भाकरी) मिळाला. अंडं बाजूला सारून आईनं बाकीचा सगळा संपवला.

डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी खोलवर जाऊन तापतं आणि खत्तला खडकातून वर येतं. बायका-पुरुषांची कुंडं वेगळी, हे मात्र मला तिथे पोचल्यावर कळलं. आईनं माझी बाही धरली.

"मी नाही जात. आत मला कुणाचं बोलणं कळणार?"

तिकीट खिडकीवरचा केरळी माणूस म्हणाला, "अम्मा, अंदर लेडीज स्टाफ है. डरना नहीं."

पिशवी छातीशी धरून ती आत गेली. मीही माझ्या बाजूच्या पाण्यात उतरलो. पाणी कढत होतं, पण दोन मिनिटांत अंग सैल पडलं. अर्ध्या तासानं बाहेर आलो, तर आई नव्हती. तास झाला, तरी नाही. केरळ्यानं आत फोन लावला; कुणी उचलेना. माझ्या डोळ्यांपुढे ओल्या पायऱ्या यायला लागल्या, आणि त्या दारातून मला आत जाता येत नव्हतं.

शेवटी ती आली. केस ओले, चेहरा लाल, आणि तिच्या दंडाला धरून चालणारी काळ्या पायघोळ अबायातली एक म्हातारी. मागे त्या बाईंची मुलगी. ती हिंदीत म्हणाली, "मैं कपड़े बदलने गयी थी. माँ को पानी में चक्कर आया. आपकी अम्मी ने पकड़ के रखा, बाहर बिठाया, पानी पिलाया."

म्हातारीनं अरबीत बरंच काही सांगितलं. आईनं मराठीत उत्तर दिलं, "हो हो. आता घरी जाऊन जरा पडा. आणि उपाशीपोटी येऊ नका पुन्हा." म्हातारीनं मान डोलावली. निघताना त्यांनी आईच्या हातात खजुराचा डबा ठेवला आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

परतीच्या वाटेवर आई डोंगराकडे बघत होती. मग म्हणाली, "माझं तिकीट काढ. गुहागरचं घर उघडते."

"एकटी राहणार तिथे?"

"आज आत कोण होतं माझ्याबरोबर?"

ती इथे रमावी म्हणून मी तिला घेऊन गेलो होतो, आणि धीर आल्यावर तिला पहिलं आठवलं ते तिचं घर. वाईट वाटलं, पण इतक्या महिन्यांत तिचा असा खणखणीत आवाज ऐकला नव्हता, म्हणून बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं. न विचारता रिटर्नही काढलं. तिनं चष्मा लावून येण्याची तारीख दोनदा वाचली आणि तिकीट पासपोर्टमध्ये घडी करून ठेवलं.