दादाचे ताजे पाय

आमचा दादा चष्मे करतो. दिवसभर काऊंटरमागे उभं राहून लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायच्या, काचा घासायच्या आणि संध्याकाळी रिकाम्या घरात परतायचं. वहिनी गेल्यापासून त्या घरात त्याच्याशी बोलणारं कुणी नाही. मी जवळच राहते, पण माझ्यामागे माझा संसार. आठवड्यातून एकदा डोकावते, तोंडसुख घेते आणि निघते.

डॉक्टर म्हणाले चाला, तर हा पठ्ठ्या धावायलाच लागला. मैदानावर तरुण पोरांचा एक ग्रुप होता, त्यात शिरला. तो धावतोय की चालतोय, हे बघणाऱ्याला नीट कळायचं नाही. पण धावून झालं की सगळे पायऱ्यांवर बसायचे, चहा मागवायचे. "काका, आज बस चुकली का?" म्हणून त्याची टिंगल करायचे. दादा त्या चहासाठीच धावायचा. मला म्हणालाही होता, "अगं, दुकानात काय, वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा. खरं बोलणं म्हणावं तर हे पायऱ्यांवरचं तेवढंच."

मग त्या पायऱ्यांवर यंत्रं आली. आधी पिस्तुलासारखं एक धूड, पोटरीवर टेकवलं की घरघरणारं. मग तळव्याखाली फिरवायचा काटेरी चेंडू. मग बर्फाच्या पाण्याचा टब, ज्यात चांगला धडधाकट माणूस स्वतःच्या पैशाने कुडकुडत बसतो. म्हणे थकवा जातो! आमच्या आईचा थकवा जरा आडवं झालं की जायचा. दादाचे पाय तर कधी दुखलेच नव्हते. दुखायला धावायला नको का? तरी तो एकेक वस्तू घेत गेला. "ही खेळणी कशाला रे?" म्हटलं की म्हणायचा, "त्यांच्यात बसायचं तर बोलायला काहीतरी लागतं ना."

शेवटी आल्या विजेच्या पंपाने फुगणाऱ्या पिशव्या. मांडीपर्यंत चढवायच्या, बटण दाबायचं, की हवा भरून पाय आवळले जातात, मग सुटतात, पुन्हा आवळले जातात. माणूस पोत्यांच्या शर्यतीतून पळून आल्यासारखा दिसतो. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, धावल्याधावल्या लगेच पाय आत घातले नाहीत तर उपयोग शून्य. झालं! पोरं धावून तडक घरी. पायऱ्या ओस, चहा बंद. जो तो आपापल्या घरी पिशव्यांत पाय घालून बसणार आणि ग्रुपवर त्या पायांचे फोटो टाकणार. गप्पांत राहावं म्हणून घेतलेल्या यंत्रानेच गप्पा मोडल्या.

दादाने हार मानली नाही. त्याचं घर मैदानाला लागूनच. त्याने सगळ्यांना निरोप धाडला: रविवारी पिशव्या घेऊन थेट माझ्याकडे या, चहा मी करतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून हॉलच्या चारी भिंतींना प्लग बसवून घेतले. वायरी पुरतील अशा बेताने खुर्च्या मांडल्या, शेजाऱ्यांकडूनही मागून आणल्या. मला फोन करून विचारलं, "बिनसाखरेचा किती जणांना लागेल गं?" त्याचा इतका खुशीतला आवाज मी वहिनी गेल्यापासून ऐकला नव्हता.

पोरांच्या गर्दीत आपण कशाला, म्हणून त्या रविवारी मी जरा उशिराच गेले. दार सताड उघडं होतं. खुर्च्या गोलात, टेबलावर कप पालथे. एका खुर्चीत दादा, मांडीपर्यंत फुगलेला. बाकी सगळ्या रिकाम्या. त्याचा मोबाईल सारखा वाजत होता. ग्रुपवर एकेकाचे पाय येत होते.

"कुणीच नाही आलं?"

"अगं, केवढी अवजड यंत्रं ती. उचलून कशी आणणार? माझंच चुकलं."

मला त्या पोरांचा संताप आला आणि त्याहून जास्त रडू आलं. पिशव्यांतली हवा फुस्स करून उतरली आणि परत भरायला लागली.

दादाने मोबाईल माझ्या हातात दिला. "माझाही एक फोटो काढ. सगळ्यांनी टाकलेत."

मी जरा मागे सरकले, तसा तो घाईने म्हणाला, "फक्त पायच घे हं. खुर्च्या दिसू देऊ नकोस. पोरांना उगाच वाईट वाटेल."