भिंतीकडे फिरवलेली खुर्ची

खोलीत आले की ते आधी खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. मग आमच्याकडे पाठ करून बसायचे आणि म्हणायचे, "हां, बोल गो." नात बोलायची. ते भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणायचे, "परत सांग."

पेणच्या एका दवाखान्यात मी लहान मुलांचं बोलणं सुधारायचं काम करत असे. हे आजोबा निडी गावाहून यायचे. भात आणि वाल पिकवणारा माणूस. नात वैशाली, शाळेत घालायच्या वयाची. जन्मतःच तिचा जबडा लहान, डोळे कडेला उतरलेले, कान अर्धवट आणि टाळूला फट. फट मुंबईत शिवून झाली होती, पण टाळू आखूडच राहिली. प, ब, ट म्हणताना वारा नाकातून निसटायचा. मी तिच्या नाकाखाली आरसा धरायचे, त्यावर वाफ धरायची. आजोबा तोच आरसा पुसून स्वतःच्या नाकाखाली धरून बघायचे, खरा आहे का म्हणून.

असे आजोबा तुम्हीही पाहिले असतील, घरचे वालसुद्धा दाताखाली फोडून बघणारे. मी "छान" म्हटलं की म्हणायचे, "छान म्हनायचा तुमाला पगार हाय."

संशय माझ्याही मनात होता. म्हाताऱ्याला नातीच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यामुळे मी त्यांच्याशी तुटकच वागत असे.

मग मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, नुसत्या सरावाने भागणार नाही, आणखी एक ऑपरेशन करावं लागेल. आजोबा ऐकेनात. "पयलं फसलं, ते झाकाया दुसरं," एवढंच म्हणत राहिले.

माझं डोकं फिरलं. "फसलं की नाही हे तुम्हाला काय कळणार? तुम्ही तर तिच्याकडे बघतही नाही."

पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"मॅडम, हिचं तोंड बगितलं का मला समदं समजतं. ती बोलायच्या आदीच समजतं. म्हनून तर पाठ करतो. शालंतली पोरं काय आज्यासारकी बगनार हायेत?"

खुर्ची पुन्हा भिंतीकडे गेली. "बोल गो." वैशाली काहीतरी लांबलचक बोलली. "परत सांग." ती पुन्हा बोलली. ते हळूच म्हणाले, "नाय समजलं. कवा जायचं मुंबईला?"

ऑपरेशन झालं. त्यानंतरही सराव चालू, भिंत चालू, आणि "परत सांग"ही चालूच.

एका दुपारी दवाखान्यातला फोन वाजला. कुणा मुलीने विचारलं, "सोमवारी दवाखाना उघडा आहे का?"

"आहे. पेशंटचं नाव सांगा."

पलीकडे मागून ओळखीचा आवाज आला, "नाव इचारलंन गो!" आणि फोन त्यांच्याच हातात आला. "मॅडम, तुमी पन नाय वळखलं. आता शालंत घालतो हिला." त्यांच्या आवाजात इतका आनंद मी कधीच ऐकला नव्हता.

त्यानंतर वैशाली आली ती आईबरोबर, शाळेच्या गणवेशात. मी विचारलं, "आजोबा कुठे?" आई तोंडाला पदर लावून उभी राहिली.

वैशालीच म्हणाली, "आजोबा गेले. वालाच्या शेतात पडले, परत उठलेच नाय."

मी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. तिचं अक्षर न् अक्षर मला कळलं होतं. परत सांग म्हणायची गरज पडली नाही.